आधी माझी बेल वाजली

हमीदभाईंना मारायला आलेल्यांनी आधी माझी बेल वाजवली.

आज वर्ष झालं.

धायरीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये इनामदार दोन. पहिल्या मजल्यावर मी, दुसऱ्यावर हमीदभाई. त्यांचा मार्केट यार्डात मसाल्याचा गाळा होता. खालच्या बोर्डावर दोघांचंही नुसतं आडनाव, त्यामुळे कुरिअरवाले कायम गोंधळलेले. त्यांची औषधं माझ्याकडे, माझ्या बहिणीने पाठवलेला फराळ त्यांच्याकडे.

डबा आणून देताना म्हणायचे, "ताई, दोन चकल्या कापल्यात. डिलिव्हरी चार्ज."

त्या दिवशी ऐन दुपारी बेल वाजली. पुण्यात एक ते चार कोणी कोणाची बेल वाजवत नाही. मी चिडूनच दार उघडलं.

तीन मुलं. इस्त्रीचे शर्ट. चपला दाराबाहेर नीट काढून ठेवलेल्या.

"काकू, इनामदार इथेच ना?"

"हो. काय काम आहे?"

एकाने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. देवघराकडे. मग मोबाइलमध्ये. मग पुन्हा देवघराकडे.

"हे नाहीत," तो दुसऱ्याला म्हणाला.

तेवढ्यात वरून हमीदभाईंचा आवाज आला. "माझं पार्सल परत खाली उतरलं वाटतं." बनियनवरच जिना उतरत आले, चष्मा पुसत. "मी दुसरा इनामदार. द्या इकडे."

"काका, पार्सल गाडीत आहे. जरा खाली येता?"

"चला."

शेवटचा मुलगा माझ्याकडे वळला. "सॉरी काकू, झोपमोड झाली तुमची." आणि माझं दार त्याने स्वतःच ओढून घेतलं. अगदी हळू, कडीचासुद्धा आवाज होऊ न देता.

मी परत आडवी झाले. मग खालून पोतं आपटल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा. मग पुन्हा.

मी धावत गेले तेव्हा हमीदभाई त्यांच्या स्कूटरशेजारी पडले होते. मुलं नव्हती. चष्मा सीटवर होता, काड्या मिटून ठेवलेला. तो त्यांनी ठेवला की त्या मुलांनी, मला अजून कळलेलं नाही.

मी ओरडत होते. पार्किंगकडे आमच्या बिल्डिंगच्या कितीतरी खिडक्या उघडतात. एकही उघडली नाही.

नंतर पोलिसांनी घरोघरी विचारलं. "आम्ही झोपलो होतो." प्रत्येक दारातून तेच वाक्य, त्याच सुरात. एरवी कोणी गाडीचं स्टँड जोरात लावलं तरी गॅलरीत येऊन अक्कल शिकवणारे लोक आहेत हे.

चौकीत लिहिलं गेलं, पार्किंगवरून वाद. मी बेलचं सांगितलं. साहेब म्हणाले, "मॅडम, झोपेतून उठल्यावर माणसाला नीट आठवत नाही."

काही महिन्यांनी केस दुसऱ्या शाखेकडे गेली. एक महिला अधिकारी घरी आल्या. चहा नको म्हणाल्या. मला दारात उभं केलं आणि सगळं पहिल्यापासून करून दाखवायला लावलं.

"आधी तुमची बेल? नक्की?"

"नक्की."

"म्हणजे त्यांना चेहरा माहीत नव्हता. ज्याच्याशी भांडण झालंय त्याचा चेहरा माहीत असतो, मॅडम. हे नुसतं नाव शोधत आले होते."

मग त्यांनी पकडलेल्या मुलांच्या मोबाइलमधले फोटो दाखवले. सोसायट्यांचे नावांचे बोर्ड. धायरी, हडपसर, कुठले कुठले. "ही तीन पोरं नाहीत. यांच्यामागे अख्खा ग्रुप आहे. या बोर्डांवरचं असं कुठलंही नाव चाललं असतं त्यांना. मी याला भांडण म्हणत नाही. मी दहशतवाद म्हणते."

आमच्या बोर्डाच्या फोटोत मी आहे. हातात भाजीची पिशवी. फोटो काढणाऱ्याकडे बघून हसतेय.

मला आठवतसुद्धा नाही. फ्लॅट बघायला आलं असेल कोणी, असं वाटलं असणार.

साक्षीदार म्हणून माझं नाव गेल्यापासून दुपारची बेल वाजते. दार उघडलं की कोणी नसतं. उंबऱ्याबाहेर चपलांचा एक जोड असतो, नीट लावलेला. थोड्या वेळाने बघावं तर तोही नसतो. आता त्या अधिकाऱ्यांनी खाली एक कॉन्स्टेबल बसवलाय. तो म्हणतो, वर कोणीच गेलं नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी समजवायला आले. "कशाला पडता यात? तुम्ही तर आपल्यातल्या."

त्या 'आपल्यातल्या'ची मला चपलांपेक्षा जास्त भीती वाटली.

उद्या कोर्टात माझी साक्ष आहे. त्यांचा वकील पार्किंगच म्हणणार. ते टिकलं तर मुलं लवकर सुटतील, आणि ज्यांनी त्यांना बोर्डांचे फोटो काढायला पाठवलं त्यांना कोणी काही विचारणारही नाही.

सकाळी हमीदभाईंच्या बायकोचा, शाहीनभाभींचा फोन आला. त्या आता हडपसरला मुलीकडे असतात. "ताई, लोक अजून विचारतात, असं काय भांडण झालं होतं? मी काय सांगू?"

मी एवढंच म्हणाले, "मी सांगते उद्या."

हमीदभाई, खूप आठवण येते हो तुमची. सगळे आज श्रद्धांजली लिहितील. मी नाही लिहिणार.

आधी तुमच्या नावावरचं ते भांडण पुसते. मग निरोप घेईन.