बदनापूरच्या फलाटावर

ज्योत्स्नाचा नवरा सूरज मोटारसायकलच्या अपघातात गेला, तेव्हा साक्षी पोटात होती. ज्योत्स्ना बदनापूरला आईकडे राहायला आली आणि तिथून रोज रेल्वेने जालन्याच्या दवाखान्यात नर्सच्या ड्युटीला जाऊ लागली. दवाखान्यातल्या दोघी जर्मनीला गेल्या, तसं तिच्याही मनाने घेतलं.

सुट्टीच्या दिवशी ती संभाजीनगरला जर्मन शिकायला जायची. गाडीत शब्द पुटपुटत बसायची. ती बुद्धवंदनेतली पाली सुत्तं वाटून समोरची म्हातारी एकदा आदराने म्हणाली, "पोरी, सुत्तपठन करून राह्यली का?" ज्योत्स्नाला हसू आवरेना.

बोलण्याच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. मोबाईलवर मुलाखत झाली आणि एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात काम मिळालं. तेव्हा साक्षी तीन वर्षांची होती. तिची आई गिरिजाबाई कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर रोजाने जायच्या. त्या म्हणाल्या, "तू जा बिनघोर. लेकरू मी बघते. तुझं बस्तान बसलं की मंग ने तिला."

पण बस्तान बसायला वेळ लागला. इथलं नर्सिंग तिथे धरलं जात नव्हतं. तिथली परीक्षा पास होईपर्यंत मदतनीस म्हणूनच राहायचं. अंघोळी घालायच्या, घास भरवायचे, चादरी बदलायच्या. सुईला हात लावायचा नाही. लेकराला न्यायचं तर आधी पक्की नोकरी आणि स्वतःचं घर हवं होतं. एक हिवाळा गेला, दुसरा गेला. मोबाईलवर साक्षी आधी रडायची, मग गाणी म्हणून दाखवायची, मग "खेळायला जाऊ का?" एवढंच विचारून पळायची.

चार वर्षांनी परीक्षा झाली, घर झालं, मुलीचा व्हिसाही आला. ज्योत्स्ना तिला न्यायला बदनापूरला आली. दारात साक्षी उभी होती, दोन वेण्या घातलेली, उंच झालेली. ती जराशी मागे सरकली.

"या ना, बसा," ती म्हणाली आणि आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

गिरिजाबाई ओरडल्या, "अगं, आई हाय तुझी! बसा काय म्हनती?"

ज्योत्स्ना पाणी प्यायली.

पुढचे पंधरा दिवस तिने पोरीच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत सोडलं, नवं घर मोबाईलवर दाखवलं. साक्षी सगळं ऐकायची. शेवटी एवढंच विचारायची, "आज्जी येनार का?" आज्जीला तिथे नेता येत नव्हतं. संध्याकाळ झाली की ती गिरिजाबाईंच्या कुशीत शिरायची आणि ज्योत्स्ना शेजारच्या अंथरुणावर पडून दोघींची कुजबुज ऐकायची.

जायच्या दिवशी मुंबईची गाडी आली. पोरगी मुकाट्याने डब्यात चढली. ती रडलीसुद्धा नाही. गिरिजाबाई खिडकीशी आल्या, "शहानी हाय माझी बाय," म्हणाल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ दिसताच साक्षीने खिडकीचे गज धरले. ज्योत्स्नाने हळूच तिचा हात सोडवून पाहिला. बोटं पांढरी पडली होती. सगळं अंग थरथरत होतं, पण आवाज नव्हता. दवाखान्यात ज्योत्स्नाने घाबरलेली पुष्कळ लेकरं पाहिली होती. त्यातल्या एकालाही आईचं भय वाटत नव्हतं.

गाडीने भोंगा दिला. ज्योत्स्नाने पोरीला उचललं, दाराशी धावली.

"आई, घे हिला! जल्दी!"

"अगं, येडी झाली का? इतकी वर्षं कशापायी..."

"घे म्हनते ना!"

गिरिजाबाईंनी लेकरू झेललं. गाडी सुटली. साक्षीने आज्जीच्या मानेत तोंड खुपसलं होतं. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि ज्योत्स्नाला तेच बरं वाटलं.

परत यायचा विचार तिने खूपदा केला. पण त्या नोकरीवर आज्जी-नातीचं घर चालतं, साक्षीची शाळा चालते. आता ती तिथे पक्की नर्स आहे. वृद्धाश्रमातल्या बाया टेबलावरचा मुलीचा फोटो बघून विचारतात, ही कधी येणार?

"पुढच्या वर्षी," ती अस्खलित जर्मनमध्ये सांगते आणि पुढच्या खोलीकडे वळते.