इस्मेनियाच्या परसातली पाटी

आमच्या डोंगराळ बोयाका प्रांतात इस्मेनिया रस्त्याच्या कामावर पाट्या लावते. पुढे साईडपट्टी खोदलेली असली, की बरीच आधी ‘साईडपट्टी बंद’ अशी केशरी पाटी ती उभी करते. माझी मुलगी त्याच पट्टीवरून सायकलने शाळेत जाते, त्यामुळे त्या पाटीवर माझा जीव टांगलेला असतो.

मंगळवारी पाटी चोरीला गेली. वळणापुढे अचानक खड्डा पाहून मुलीने सायकल रस्त्यात घातली, ती थेट दुधाच्या ट्रकपुढे. ट्रकवाल्याने ब्रेक मारला म्हणून गुडघ्यावर निभावलं.

‘चोराचे हात झडोत,’ म्हणत इस्मेनियाने दिवसभर गाव पालथा घातला. मीही तिच्याबरोबर होते. शेवटी पाटी सापडली ती तिच्याच परसात, डुकरिणीच्या खोपटावर छप्पर म्हणून.

‘बाबा, हे काय?’

तिचे म्हातारे वडील एलिएसेर मक्याची कणसं सोलत होते. ‘डुकरीण भिजत होती गं. तुमच्याकडे पाट्यांचा ढीग असतो.’

‘सकाळपासून शिव्या घालतेय मी. ऐकल्यात ना?’

‘ऐकल्या. म्हणून तर बोललो नाही.’

मी भांडणारच होते, पण इस्मेनिया माझ्याकडे बघेचना. तिने पाटी उतरवली.

‘गोणपाटात गुंडाळ,’ बाबा म्हणाले. ‘चौकात लोक बघतील.’

‘बघू देत. मुकादमालाही मीच सांगणार आहे.’

अक्षरं बाहेर ठेवून, पाटी छातीशी धरून ती भर चौकातून गेली. म्हातारे मात्र माझ्या मागोमाग आमच्या दारापर्यंत आले आणि हातातली हॅट चुरगाळत उभे राहिले.

‘पोरीचा गुडघा बघू का?’ त्यांनी मान खाली घालूनच विचारलं.