खरखर घालवणारं सॉफ्टवेअर

आईच्या ओव्यांची एकच कॅसेट माझ्याकडे आहे आणि तिच्यात आवाजापेक्षा खरखरच जास्त. ती काढणारं सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, हे कळावं म्हणून मी व्हिडिओ बघायला लागलो. प्रत्येकातला माणूस स्वतःचा मुळातला स्वच्छ आवाज आणखी स्वच्छ करून दाखवी आणि म्हणे, "बघा, जादू!" शेवटी एक घेतलं. खरखर गेली, पण ओवी संपताना आई जो श्वास घ्यायची, तोही गेला.

तरी मी व्हिडिओ बघतच राहिलो.

"घेतलंत ना एकदाचं? मग आता काय बघता?" बायकोने विचारलं.

आपलं चुकलं नाही, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून बघत होतो. हे तिला कसं सांगणार?

एका व्हिडिओखाली मी लिहिलं, "जुन्या कॅसेटवर हे चालतं का?" व्हिडिओतल्या मुलीचं उत्तर आलं, "काका, खरं सांगू? मी फक्त माझ्याच आवाजावर करून पाहिलंय."

इतक्या दिवसांत कुणीतरी खरं बोललं होतं. तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू झाला, आणि मी पुन्हा कान देऊन ऐकू लागलो.