वनिताच्या पेटीतलं पुस्तक

परवा उधव्याजवळच्या एका पाड्यावर गेले होते, माझं नवंकोरं पुस्तक द्यायला. पाचवीतल्या वनिताने ते हातात घेतलं, वरचं चित्र नीट पाहिलं आणि न उघडता पत्र्याच्या पेटीत ठेवून कडी लावली.

मला मनापासून बरं वाटलं... का, ते सांगायला फेब्रुवारीपर्यंत मागे जावं लागेल.

मी लहान मुलांसाठी गोष्टी लिहिते, राहते डहाणूत. पुस्तक छापायला जाण्याआधी एखाद्या शाळेत वाचून दाखवायचं, हा माझा नेम. पोरं जिथे खिडकीबाहेर बघायला लागतात तिथे समासात 'खि' लिहायचं आणि घरी येऊन ते वाक्य उडवायचं.

यावेळची गोष्ट तलासरीच्या एका म्हशीची. तिला समुद्र बघायचा असतो आणि ती कोणालाही न सांगता हायवेने चालायला लागते. दीड वर्ष घासून लिहिली होती, आणि खरं सांगायचं तर स्वतःवर जरा खूश होते.

फेब्रुवारीत ती घेऊन वनिताच्या शाळेत गेले. गुरुजींनी वर्गात ओळख करून दिली, या गोष्टी सांगणाऱ्या बाई. मी वाचायला लागले आणि वर्ग जो खाली मान घालून बसला तो बसलाच... कोणी हसेना, कोणी वर बघेना. पहिल्या रांगेतल्या वनिताने तर दोन्ही कानांत बोटं घातली ती शेवटपर्यंत काढली नाहीत. पाचव्या पानानंतर मी 'खि' लिहिणंही सोडून दिलं.

घरी आल्यावर पुण्याच्या संपादकबाईंना मेल केला की हे पुस्तक रद्द करा, गोष्टीत जीव नाही. त्यांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. वीस वर्षं लिहून आपल्याला मुलं कळतच नाहीत, हे पचायला वेळ लागतो... दोन दिवस मी घोलवडहून आलेले चिकू खात बसले होते, दुसरं काही केलं नाही.

तिसऱ्या दिवशी परत शाळेत जावं लागलं, कारण चित्रांची फाइल तिथेच विसरले होते. मधली सुट्टी होती. वनिता हातपंपावर पाणी पीत होती आणि गुरुजी शेजारी उभे होते. राहवलं नाही, विचारलंच... एवढी वाईट होती का गं गोष्ट?

"नाय बाय, वाईट नाय," ती म्हणाली. "दिवसा गोष्ट ऐकली का मामा वाट चुकतो. माझा मामा बोटीवर हाय."

ही समजूत मीही लहानपणी ऐकली होती आणि पार विसरून गेले होते. आमच्या घरी ती मोठ्यांची दुपारची झोप मोडू नये म्हणून काढलेली युक्ती होती. वनिताचा मामा गुजरातेत वेरावळच्या मासेमारी बोटीवर खलाशी आहे. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांचं कोणी ना कोणी असं समुद्रावर आहे. तिथे वाट चुकली, बोट नको त्या रेषेपलीकडे गेली, की माणूस दोन-दोन वर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतो. आमच्याकडे हे पोरांनाही सांगावं लागत नाही.

मी म्हटलं, मग रात्री ऐक. तर म्हणे, मामा रात्रीपण बोटीवरच असतो ना. बाकीच्यांना दिवसाचीच बंदी होती, हिने ती स्वतःहून चोवीस तासांची करून घेतली होती.

गुरुजी मूळचे लातूरकडचे, त्यांना हे सगळं नवीन. अगं, मग मी शिकवतो ते कसं ऐकता, त्यांनी विचारलं.

"तो धडा हाय, गुरुजी. गोष्ट नाय."

मला स्वतःचीच लाज वाटली. मी दोन दिवस माझ्या म्हशीचं सुतक पाळत होते आणि ही पोर कानांत बोटं घालून एक माणूस सांभाळत होती.

मामा होळीला येणार होता. मी संपादकबाईंना फोन केला, पुस्तक करायचंय, पण होळीपर्यंत थांबा. कशासाठी, म्हणाल्या. म्हटलं, एक मामा यायचेत. त्यांना वाटलं माझेच मामा... प्रेसची ठरलेली तारीख मात्र गेली ती गेलीच.

होळीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी वनिताच्या अंगणात तिच्या वर्गातल्या पोरांना गोष्ट वाचून दाखवली; सणाला बोटीवरचे सगळेच घरी आले होते. मामा दाराला टेकून बसले होते आणि वनिता त्यांच्या शर्टाचं टोक धरून. म्हैस टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगेत उभी राहते तिथे ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

नवव्या पानावर म्हैस समुद्राकडे बघत राहते. माझं सगळ्यात लाडकं पान... आणि पोरं कोंबड्यांकडे बघायला लागली. मामा जरा संकोचून म्हणाले, "बाय, समुद्र थोडा कमी करा." वर्षाचे आठ महिने समुद्र बघणाऱ्या माणसाचं मत ते. नववं पान अख्खं उडवलं.

आता पुस्तक आलंय, आणि मामा पावसाळा संपता संपता परत बोटीवर गेलेत. म्हणून ते पेटीत, कडी लावून. माझी पुस्तकं लोकांनी वाचलीत, चाळलीत, एकांनी तर त्यावर ठेवून भाजी चिरली आहे. पण माझ्या गोष्टीने कोणाची बोट भरकटू शकते, एवढं तिला आजवर कोणी मानलं नव्हतं.

निघताना वनिता म्हणाली, "होळीला ये, बाय. तेव्हा उघडू."

जाणार आहे... तोवर तिचा मामा नीट घरी येऊ दे. पुस्तकाचं काय, ते थांबेल.