डबा रिकामा कसा देऊ

दिल्लीत मला ओळखत नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही. ओळखतात म्हणजे, डबा उशिरा पोचला की फोन करून ‘कुठे मेलात’ विचारतात, तेवढी ओळख.

मी जेवणाचे डबे पोचवतो. शाळेत चौथीपर्यंत गेलो, चौथीत दोनदा बसलो, कारण बाईंना माझ्याशिवाय करमेना. पुण्याहून एका साहेबांबरोबर स्वैपाकाला आलो, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. साहेब रिटायर होऊन परत गेले. मी लोकांना सांगतो, मला दिल्ली सोडवेना. बायको सांगते, ट्रकमध्ये सगळं सामान चढवलं, यांना चढवायचं कुणाला आठवलं नाही. तेव्हापासून क्वार्टरांच्या मागच्या गल्लीत तळमजला भाड्यानं घेतलाय. पुढे आमची खोली, मागे दोन मोठ्या शेगड्या. वरच्या मजल्यांवर घरमालकानं काड्यापेट्यांएवढ्या खोल्या काढून कॉलेजच्या पोरींना दिल्यात.

सगळ्यात वरच्या खोलीत लातूरची एक मुलगी राहायला आली. एम. ए. करायला. जिन्यात ती आईशी फोनवर मराठी बोलली आणि माझी बायको पोळी तव्यावर तशीच टाकून धावली. पोळी जळली, बोलणी मला बसली. त्या दिवशी बायकोनं वर थालीपीठ पाठवलं, स्टीलच्या डब्यात. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो घासूनपुसून, आत दोन लिमलेटच्या गोळ्या.

“बघा, आईचं वळण,” बायको म्हणाली. “शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे कळतं पोरीला. तुम्हाला कळायला माझा जन्म गेला.”

मग उसळ उरली की वर जायची, भात उरला की वर जायचा. डब्यातनं कधी बिस्किटं यायची, कधी शेंगदाणे, एकदा तर कढीपत्त्याची एक काडी आली. दिवाळीनंतर मात्र डबे वर जायचे आणि वरच राहायचे. घरात भांडी कमी पडायला लागली. मी चहा वाटीतनं प्यायला लागलो. पोरगीही दिसेना. सकाळी चपला हातात घेऊन जिना उतरायची, की आम्हाला आवाज जाऊ नये.

मला कारण माहीत होतं. बिल्कुल माहीत होतं. एका रविवारी ती जिन्यात बसली होती, तेव्हा मी विनोद केला होता. “काय गं, रविवारीपण एकटीच? मैत्रिणींना घाबरवतेस की काय?” ती हसली आणि वर गेली. मी खूश, की आपला विनोद लागू पडला. आता वाटायला लागलं, फारच लागू पडला.

त्यात बायकोनं गच्चीवर कपडे वाळत घालताना तिचं फोनवरचं बोलणं ऐकलं. “आई, मी परत येते. इथं मला कुणी नाही. अभ्यास काय, घरूनपण होईल.” येत्या रविवारी बाप न्यायला येणार, असं ठरलं होतं.

“घरूनपण होईल म्हणे,” बायको म्हणाली. “एकदा घरी गेली की परत कोण पाठवतंय? लग्न लावून मोकळे होतील. आणि हे सगळं तुमच्या जिभेमुळे.”

मी चौथी दोनदा केलेला माणूस. एम. ए.वालीचं शिक्षण माझ्या तोंडानं बुडणार म्हटल्यावर मला भाकरी गोड लागेना. दोनच खाल्ल्या. माफी मागायची ठरवली. पण आयुष्यात कधी मागितली नव्हती, बायकोकडे सोडून. म्हणून मग तिच्या पायांचा आवाज आला की मीच लपायला लागलो.

आमच्या मागच्या दाराशी पाण्याची मोटर आहे, तिच्यावर पत्र्याचं छप्पर. एका दुपारी मी जिन्यात चाहूल ऐकली आणि त्या मोटरीमागे उकिडवा बसलो. तेवढ्यात बायकोनं पुढच्या दारातनं मला हाक मारली. ती हाक ऐकून ती पोरगी दचकली आणि लपायला धावत आली ती नेमकी मोटरीमागे. दोघंही उकिडवे, नाकासमोर नाक. तिच्या खांद्याला भली मोठी पिशवी. मला वाटलं, रविवारच्या आधीच निघाली बया.

“काका, तुम्ही इथं काय करताय?”

“मोटर बघतोय. तू?”

ती मागे सरकली. पिशवी हलली आणि खणखण वाजली. आत माझे सगळे डबे.

“तुम्ही डबे पोचवायला गेलात की दारात ठेवून पळणार होते,” ती म्हणाली. “सॉरी काका. रिकामेच आहेत. आई म्हणते, रिकामा डबा द्यायचा नाही. पहिल्यांदा घालायला काहीतरी होतं. मग खोलीचं भाडं वाढलं, लाइटचे पैसे वेगळे द्यायला लागले. घालायला काही उरेना. म्हटलं, काहीतरी आणते मग देते. तेवढ्यात काकू दुसरा डबा पाठवायच्या.”

“म्हणजे तू माझ्या विनोदामुळे रागावली नाहीस?”

“कुठला विनोद?”

मला इतकं हलकं वाटलं की मी उठून उभा राहिलो आणि पत्र्याला डोकं आपटलं. टेंगूळ आलं ते आठवडाभर टिकलं. पण काय सांगू यार, त्या टेंगळाचापण राग येईना.

डोकं चोळत मी विचारलं, “मग परत का चाललीस?”

मग सगळं बाहेर आलं. वर्गातल्या मुली सुरवातीला बोलवायच्या. पण भेटायचं म्हणजे कॅफेत. तिथली एक कॉफी म्हणजे हिची दोन दिवसांची भाजी. ही म्हणायची, आज चतुर्थी आहे. मग एकादशी. मग सोमवार. शेवटी हरयाणाच्या एका मुलीनं विचारलं, तुमच्यात देव जास्त आहेत की दिवस? त्यानंतर त्यांनी बोलवणंच सोडलं. “आठवडा आठवडा मी कुणाशी बोलत नाही, काका. भाजीवाल्याशी बोलते तेवढंच. तोपण आता मोबाईलवर पैसे घेतो आणि मान हलवतो.”

मी नुसतं टेंगूळ चोळत राहिलो. बायकोला सुचलं. ती मोटरीपाशी कधी येऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नव्हतं. ती आत गेली, आमच्याच साखरेची बरणी घेऊन आली, आणि पोरीच्या हातानं एकेका डब्यात चिमूटभर साखर टाकून घेतली.

“दे आता,” ती म्हणाली. “भरलेले आहेत.”

पोरगी रडायला लागली. मीपण रडलो असतो, पण सगळी साखर पाघळली असती.

“आणि मैत्रिणींना रविवारी इथं बोलव,” बायको म्हणाली.

“काकू, त्या कशा येतील? त्यांना काय देणार मी?”

“काही द्यायचं नाही. काम आहे म्हणून सांग. मटार सोलायचाय.”

ते खरंच होतं. दिल्लीत थंडी पडली की मटार स्वस्त होतो. मी पोत्यानं आणतो आणि मटाराबरोबर बायको मलाही सोलते. सोलायला कधीच माणसं पुरत नाहीत.

रविवारी बाहेर एवढं धुकं की समोरचं क्वार्टर दिसेना. येतील की नाही, पोरगी सारखी दारात जाऊन बघत होती. आल्या. हरयाणावाली, एक केरळची, एक आसामची. शेगड्यांच्या कडेनं चटईवर बसल्या. पहिल्यांदा नुसता शेंगांचा आवाज. मग हरयाणावालीनं मूठभर दाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, “अंकल, छीलने के हैं या खाने के?” केरळवाली म्हणाली, तिला कॅफे आवडतच नाही, ती तिथं नुसतं पाणी पीत बसायची आणि डाएट आहे म्हणायची. आसामवाली म्हणाली, “मैं तो घर से खाके जाती थी।” माझ्या लातूरवालीच्या हातातली शेंग तशीच राहिली. सगळ्याच उपाशी, फक्त देव वेगवेगळे!

अशात बाप आला. स्टेशनवरनं सरळ, हातात मोठी रिकामी बॅग, पोरीचं सामान भरायला. त्यानं दारातनं बघितलं तर पोरगी हसतेय. अशी हसतेय की तिला बाप आलेला कळेना. तो बॅग ठेवून बसला, बायकोनं त्याच्यापुढेही शेंगा ओतल्या, आणि तो सोलायला लागला. आमच्या सगळ्यांपेक्षा सावकाश.

बऱ्याच वेळानं त्यानं खाली बघूनच विचारलं, “काय ठरवलंस गं?”

ती म्हणाली, “परीक्षेपर्यंत तरी राहते, बाबा.”

“राहा की मग,” तो म्हणाला, आणि पुढची शेंग घेतली.

संध्याकाळी निघताना त्यानं बॅग उचलली. बायकोनं ती त्याच्या हातातनं काढून घेतली आणि मटारांनी गच्च भरली. “लातूरला बॅग रिकामी कशी जाईल?” म्हणाली. बापाला ती उचलता येईना. रिक्षापर्यंत मी धरली, आणि परत येईपर्यंत माझी छाती दोन इंच फुगली होती.

आता थंडीतला एकही रविवार चुकत नाही. पोरी येतातच, पुस्तकंपण घेऊन येतात, मटार नसला तरी येतात. परवा मी सगळ्यांसमोर म्हटलं, “बघ, माझे विनोद ऐकायला कुठनं कुठनं मुली येतात.”

लातूरवालीनं पुस्तकातनं डोकं वर न काढता सांगितलं, “काका, वर हीटर परवडत नाही. इथं शेगडी असते म्हणून येतो. विनोद आम्ही सहन करतो.”