गवत हललं का?

नेम धरण्याआधी गवताची साक्ष काढणारा माणूस मी एकच पाहिला. इकडे परदेशात, आमच्या अर्विंग शहरातल्या मराठी मंडळींत त्यांना काउबॉयकाका म्हणत. मूळचे नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. रविवारी सकाळी विहारात वंदना, दुपारी शूटिंग रेंज. रिव्हॉल्वर जुन्या घडणीची: चक्राच्या प्रत्येक घरात बारूद आणि गोळी हातानं ठासायची, मागच्या बारीक तोटीवर घोडा पडताच फुटणारी तांब्याची टोपी बसवायची.

तिचे नखरे फार. फुटलेल्या टोपीचा तुकडा यंत्रात अडकायचा, काजळीनं चक्र फिरेनासं व्हायचं. शेजारच्या लेनवाले हसायचे. काका ओल्या फडक्यानं पुसत म्हणत, "म्हातारी आहे राजा. तिच्या कलानं घ्या लागते."

खरा वैताग तेलाचा. सफाईनंतर तोटीत थेंबभर तेल राहिलं, तर टोपी फुटते, पण ठिणगी बारुदीपर्यंत पोचत नाही. म्हणून भरण्याआधी काका रिकाम्या घरांवर टोप्या फोडत, नळी गवतापाशी धरून. टोपीच्या फुंकरीनं पातं हललं म्हणजे वाट मोकळी. त्यांना जवळचं नीट दिसत नसे. उकिडवं बसून पातं बघायचं काम माझं.

"हललं का बे?"

"हललं."

माझ्या त्या शब्दावर ते डोळे मिटून विश्वास ठेवत.

स्वतःसाठी त्यांचा एक नियम होता. "ज्या दिवशी बारूद टाकाले विसरलो, त्या दिवशी बंदूक बंद अन् गाडीही बंद. डोकं दगा देत असंल तर दुसऱ्याचा जीव कायले धोक्यात घालायचा?" आमच्या भागात गाडी बंद म्हणजे माणूस घरात बंद. पण काका बोलले की बोलले.

त्या रविवारी माझ्या कानाला ऑफिसचा फोन होता. गवताकडे न बघताच मी प्रत्येक वेळी "हललं" म्हणत गेलो.

चार बार उडाले. पाचवा नुसताच टप् वाजला. बार उशिरा उडेल म्हणून काका नळी समोर धरून थांबले, मग नवी टोपी लावली. पुन्हा टप्.

"पावडर विसरलास, पार्टनर!" शेजारचा ओरडला, आणि दोघंतिघं हसले.

काकांचा चेहरा उतरला. रिव्हॉल्वर माझ्या हातात देऊन ते सावलीतल्या खुर्चीत जाऊन बसले. "तूच पाह्य. माझ्यानं नाही पाहवत."

मी टेबलावर तोटी काढली. आत बारूद होती. पुरेपूर भरलेली, तेलानं ओली.

"होती का रे?"

होती म्हटलं असतं, तर गवत कुणी बघितलं नाही हेही सांगावं लागलं असतं. सगळे ऐकत होते.

"नव्हती, काका."

"मग झालं," एवढंच ते म्हणाले. संध्याकाळी त्यांनी गाडीची किल्ली मुलीच्या हातात ठेवली. ती म्हणत राहिली, "डॅड, आर यू शुअर? वन मिस्टेक!" काकांनी मान हलवली. ते शुअर होते. माझा शब्द होता ना.

पुढे मीच त्यांना विहारात नेऊ लागलो. "जय भीम" म्हणून ते शेजारच्या सीटवर बसत आणि बेल्ट दोनदा ओढून बघत. कधी हाताची बोटं मोजत, कधी सकाळी काय खाल्लं ते आठवून मला सांगत. "सगळं आठवते बे. मंग बारूदच कशी विसरलो?" आणि मग माझ्या खांद्यावर थाप. "बरं झालं तू खरं सांगितलं. नाही तर रस्त्यात कोणाले तरी उडवलं असतं."

वंदनेत ते माझ्याजवळच बसत. पंचशीलातलं चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज जायचा. त्यांचा खणखणीत लागायचा. एकदा त्यांनी विचारलं, "चौथ्याले तुझा आवाज काहून बसते रे?"

"घसा, काका," मी म्हणालो.

काका गेले. शेजारची सतरंजी आता रिकामी असते, आणि चौथ्या शीलाला मी अजूनही गप्प असतो. जे त्यांच्या तोंडावर म्हणायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

काका, बारूद होती. तुम्ही विसरला नव्हता.