उकळलेलं तीर्थ

इथिओपियाला आम्ही दोघी बहिणी जाणार होतो. तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या जानेवारीतल्या सणाचा व्हिडिओ धाकटीच्या फोनवर आला होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, देवाच्या आज्ञांची, जरीच्या कापडात गुंडाळलेली पवित्र पाटी डोक्यावर घेऊन चालणारे पुजारी, वर रंगीत छत्र्या, आणि शेवटी सगळ्या गर्दीवर उडवलेलं पाणी. "ताई, हा तर आपलाच कुंभमेळा," ती म्हणाली. आमचं ठरत होतं तेवढ्यात तिची मूत्रपिंडं गेली. माझं एक द्यायला निघाले, तर डॉक्टरांनी माझी साखर बघून नको म्हटलं. दुसरं कोणी नव्हतं. डायलिसिस सुरू झालं आणि तिचं दिवसाचं पाणी मापाच्या पेल्यावर आलं.

"तू तरी जा," ती म्हणाली. "आणि ते पाणी घेऊन ये. इथल्या सगळ्या देवांना विचारून झालंय."

पाण्यानं काही होईल असं मला वाटत नव्हतं. पण तिला जे हवं होतं त्यातलं मला आणता येण्यासारखं तेवढंच होतं.

अदिस अबाबाला पोचले तो सणाचा आदला दिवस, म्हणजे उपवासाचा. त्यांचा उपवास डाळीवर चालतो. दूध-तूप मात्र वर्ज्य. आमच्या बरोबर उलट. पोटभर डाळ खाऊन मी संध्याकाळच्या मिरवणुकीत उभी राहिले. पाटी जवळ आली की बायका जिभा हलवून एक लांब किलकिलाट करायच्या. पोरं पुढे गालिचे अंथरायची, पुजारी पलीकडे गेले की गुंडाळून पुन्हा पुढे पळायची. काम चोख होतं.

रामकुंडावर पर्वणीला आमच्या घरची शिस्त ठरलेली असे: गर्दी व्हायच्या आत जायचं, कॅन भरायचा आणि घरी यायचं. इथेही तेच केलं. उजाडायच्या आत मैदानावर गेले. मधे सिमेंटचा मोठा हौद होता. त्यात पाणी सोडणाऱ्या पाइपखाली बाटली धरली, घट्ट झाकण लावलं आणि बरोबर घेतलेल्या वाटाडीला दाखवली. ती इंग्रजी बोलणारी तरुण मुलगी होती.

"हे काय भरलंत?" ती म्हणाली.

"तुमचं तीर्थ."

ती इतकी हसली की शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. "मॅडम, हे नळाचं पाणी आहे. अजून प्रार्थना कुठे झालीय?"

आमची गोदावरी कुणाच्या प्रार्थनेसाठी थांबत नाही, त्यामुळे हे मला सुचलंच नव्हतं. बाटली ओतून टाकली. तोवर मागे माणसांची भिंत उभी राहिली होती आणि पोलिसांनी आम्हाला ढकलत ढकलत पार कडेला नेलं. प्रार्थना सुरू झाली ती संपेचना. मग एकदम आरडाओरडा झाला आणि पुजाऱ्यांनी पाइप गर्दीवर सोडले. लोक चेहरे वर करून, पोरांना खांद्यावर घेऊन भिजत होते. मी बाटली उंच धरली. मी नखशिखांत भिजले, पण अरुंद तोंडाच्या बाटलीत जेमतेम घोटभर पाणी पडलं. वाटाडी म्हणाली, "पुरे आहे. हे खरं आहे."

नाशिकला आल्यावर पहिलं काम केलं ते पाणी उकळण्याचं. डायलिसिसच्या माणसाला परक्या गावचं कच्चं पाणी मी देणार नव्हते. चहाच्या लहान पातेल्यात टाकलं, तर बघता बघता त्यातलं निम्मं उडून गेलं.

"देवाचं पाणी उकळलंस?" धाकटीनं विचारलं.

"हो."

"त्यातलं देवाचं काय ते वाफेतून गेलं बघ." ती हसली, पण वाटी दोन्ही हातांनी धरली. पाणी एकदम प्यायली नाही. जिभेवर ठेवून, डोळे मिटून थोडं थोडं गिळलं. मग बराच वेळ तशीच बसली. आतून काही कळतंय का याचा ती अंदाज घेत होती, हे मला दिसत होतं. मी पातेलं घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला काट्यावर उभं केलं. वजन नेहमीसारखंच वाढलेलं होतं. लघवी होत नाही, तेव्हा प्यायलेलं सगळं अंगातच राहतं.

"मावशी, पाणी जास्त झालंय," सिस्टर म्हणाली. "काय प्यायलात?"

"तीर्थ."

"तीर्थसुद्धा मापात धरायचं हं."

सुया लागल्या, मशीन अंगात साठलेलं पाणी काढायला लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसले. डायलिसिस संपल्यावर तिला धरून रिक्षापर्यंत आणलं. तिच्या पायात जोर नव्हता. रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, "ताई, मशीननं तेही काढलं असेल ना गं?"

"काढलं असेल," मी म्हटलं आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगितला.